वय झालें, हा रोग नव्हे

(धर्मग्रामाच्या महोत्सवांत वडीलधाऱ्या मंडळींपुढें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवसांत आत्म्याच्या हिताविषयीं पुष्कळ बोललें गेलें आहे व पुढेंही बोललें जाईल. आजची दुपार समितीनें वृद्ध मंडळींसाठीं राखून ठेविली असून विषय शरीराचा दिला आहे. धर्मगुरूनें औषधपाण्याविषयीं बोलावें हें कोणास वावगें वाटेल. आम्ही वैद्य नव्हे, आणि कोणास औषध सांगण्याचा अधिकारही आम्हांस नाहीं. परंतु शाहूवाडी तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर आजाऱ्यांच्या भेटीस जाणें हें आमचें नित्याचें काम आहे. ज्या घरीं म्हातारा-म्हातारी दोघेंच राहतात व मुलगे-सुना मुंबईस असतात, त्या घरांतील कोनाड्यांत काय मांडून ठेविलेलें असतें, हें आमच्या दृष्टीस पडतें. तसबिरीशेजारीं शक्तीच्या गोळ्यांची बाटली, तिच्यामागें गुडघ्यांची पूड, आणि खालीं डॉक्टरांनीं दिलेल्या, पण अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या! बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत वैद्य व औषध या दोहोंचाही आदर करण्याची शिकवण आहे. तिच्या आधारानें आम्ही आज चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहों.

म्हातारपणीं मनुष्याच्या कानीं दोन वाक्यें वारंवार पडतात. पाय बधिर झाले, विसर पडूं लागला, उठतां-बसतां दम लागूं लागला, असें सांगितलें कीं घरचीं माणसें म्हणतात, “आतां वय झालें, असें व्हावयाचेंच.” बाजारांतील विकणारा म्हणतो, “ही पूड महिनाभर घ्या, पुन्हां तरुण व्हाल.” पहिलें वाक्य आशा हिरावून घेतें; दुसरें खोटी आशा पैसे घेऊन विकतें. आमचें आज सांगणें इतकेंच आहे कीं हीं दोन्ही वाक्यें सोडून द्यावीं. वय झालें हें कोणत्याही रोगाचें नांव नव्हे; आणि तारुण्य कोणत्याही बाटलींत भरतां येत नाहीं. या दोहोंच्या मध्यें एक सरळ वाट आहे. काय कमी आहे तें तपासून घ्यावें, कमी असेल तें भरून काढावें, आणि कमी नसेल तर पैसा अन्नावर खर्चावा.

जीवनसत्त्व हा शब्द आतां घरोघरीं झाला आहे; पण त्याचा अर्थ थोड्यांस ठाऊक असतो. १७४७ सालीं जेम्स लिंड नांवाच्या जहाजावरील डॉक्टरानें स्कर्व्हीनें खंगलेल्या १२ खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांस संत्रीं व लिंबू मिळालें, तेच चटकन् बरे झाले. पुढें जावा बेटांत आइकमन या डच डॉक्टरास असें आढळलें कीं सडीक पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंडा दिला असतां त्या सुधारतात. १९१२ सालीं कॅसिमिर फुंक यानें अशा पदार्थांस ‘व्हिटॅमिन’ हें नांव दिलें. शरीरास तीं अगदीं अल्प प्रमाणांत लागतात. पण तेवढीं न मिळाल्यास सारें यंत्र बिघडतें.

या इतिहासांत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांस एक विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होत असे, व त्यांत कित्येकींस मृत्यु येई. बाईंनीं हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें शोध चालविला, आणि त्यांस असें दिसलें कीं यीस्टपासून केलेला मार्माइट नांवाचा स्वस्त अर्क दिला असतां या स्त्रिया सुधारतात. हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच आजचें फॉलिक आम्ल. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. त्या गिरणीकामगार स्त्रियांच्या आहारांत एक वस्तु कमी होती. ती मिळतांच त्या उठून बसल्या. जीवनसत्त्वाचें खरें सामर्थ्य येथें आहे. उणीव असेल तेथें तें संजीवनीप्रमाणें चालतें. उणीव नसेल तेथें त्याच्यानें अधिक बळ येत नाहीं.

आतां आपल्या वयाच्या मंडळींस ज्याची उणीव फार, पण ज्याचा विचार थोडा, त्या ब-१२ जीवनसत्त्वाकडे वळूं. हें दूध, दही, अंडीं, मासे व मांस यांतून मिळतें. धान्य व भाजीपाला यांतून तें मिळत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुणें शहर व आसपासचीं खेडीं यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचें रक्त तपासून २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारें दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी निघालें. हे वृद्धही नव्हते. म्हातारपणीं तर जठरांतील आम्ल कमी होतें, व अन्नांत असलेलें ब-१२ सुद्धां पुरतेपणीं सुटून रक्तांत जात नाहीं. त्यांत मधुमेहासाठीं वर्षानुवर्षें मेटफॉर्मिन घेणारे आणि पित्ताच्या गोळ्या रोज घेणारे यांच्यांत ही उणीव अधिक आढळते. म्हणून या गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत. त्या घेत असतां ब-१२ ची तपासणी करवून घ्यावी, इतकेंच.

कोणी म्हणेल, आमच्या घरीं म्हैस आहे, दुधाची काय उणीव! परंतु आम्ही पाहतों तें असें: पहांटे दूध निघतें आणि किटलींतून डेअरीस जातें, ज्या म्हातारीनें म्हशीस वैरण घातली तिच्या वाट्यास कोरा चहा येतो. दुधाच्या पैशावर घर चालतें हें आम्ही जाणतों. तरीही घरच्या वडीलधाऱ्यांसाठीं रोज पेलाभर दूध किंवा वाटीभर दही मागें ठेवावें, अशी सुनालेकींस आमची हात जोडून विनंति आहे. जीं घरें अंडीं व सुकी मासळी खातात, त्यांनीं त्यांतील वांटा प्रथम म्हाताऱ्यांस द्यावा; मात्र खारविलेली मासळी रक्तदाब असणाऱ्यांनीं धुऊन व बेतानें खावी.

या उणिवेचीं लक्षणें अशीं: पायांस मुंग्या येणें, तळवे बधिर होणें किंवा त्यांची आग होणें, अंधारांत चालतांना तोल जाणें, जीभ लाल होऊन झोंबणें, चेहरा फिकट पडणें, विसर पडणें, मन उदास होणें. पहा, यांतील प्रत्येक लक्षणास “वय झालें” असें म्हणून वाटेस लावतां येतें. आणि घात होतो तो तेथेंच. कारण ही उणीव वेळेवर भरली तर माणूस सुधारतो. वर्षानुवर्षें तशीच राहिली तर मज्जातंतूंची इजा कायमची होते. आमच्या ओळखीच्या एका आजी पायांच्या आगीसाठीं तीन वर्षें तेलें चोळीत होत्या. शेवटीं रक्त तपासलें, ब-१२ फार कमी निघालें, इंजेक्शनें झालीं. त्यांचें चालणें सुधारलें, जिभेची आग गेली, विसरही कमी झाला. पण बोटांचा बधिरपणा राहिला तो राहिलाच. तीन वर्षांपूर्वीं कोणी तपासणीस नेलें असतें तर! आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ब-१२ कमी असतां नुसतें फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारल्याचें दिसतें, पण मज्जातंतूंची हानि आंतल्या आंत चालूच राहते. म्हणून “रक्तवाढीच्या गोळ्या” परस्पर आणून खाऊं नयेत.

दुसरें जीवनसत्त्व ड. हें हाडांस बळकटी देणारें, आणि तें मुख्यतः सूर्यप्रकाशानें आपल्या त्वचेंत तयार होतें. आंबा घाटाच्या बाजूस पावसाळ्यांत कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाहीं हें आपण जाणतां. आणि म्हातारपणीं त्वचेची ही शक्तीही मंदावते. पहांटेचें कोवळें ऊन सुखकर खरें. पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यांत फार थोडे असतात. साधारण दहा-अकरानंतरच्या उन्हांत ते अधिक असतात. म्हणून पाऊस सरल्यावर व हिवाळ्यांत दुपारपूर्वीं हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ अंगणांत बसावें. वैशाखाच्या भर दुपारीं मात्र हा प्रयोग करूं नये. हाडांस लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, यासाठीं आपल्या डोंगरउतारावरील नाचणी हें उत्तम धान्य आहे. शंभर ग्रॅम नाचणींत तें साडेतीनशें मिलिग्रामांच्या आसपास असतें. तांदळांत व गव्हांत त्या मानानें अगदीं थोडें. नाचणीची भाकरी, आंबील किंवा पेज ही गरिबीची खूण मानून आपण ती टाकून देऊं लागलों आहों, आणि शहरांतील लोक तीच डब्यांतून महाग विकत घेत आहेत!

येथें एक धोक्याची सूचना. ब आणि क वर्गांतील जीवनसत्त्वें पाण्यांत विरघळतात व जास्त झालेलीं बहुतेक लघवीवाटे निघून जातात. पण अ व ड हीं चरबींत सांठतात. ड जीवनसत्त्वाची साठ हजार मात्रेची पुडी डॉक्टर सामान्यतः आठवड्यास एक, तीही ठराविक आठवडेच, घ्यावयास सांगतात. ती रोज घेतल्यास, किंवा बरें वाटतें म्हणून वर्षभर चालू ठेवल्यास, रक्तांतील कॅल्शियम वाढून ओकारी, बद्धकोष्ठ, भ्रम व मूत्रपिंडाचा बिघाड होऊं शकतो. फिनलंड देशांत २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. गाजरांतील द्रव्यापासून केलेल्या गोळ्यांनीं फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती. १९९४ सालीं निष्कर्ष आला तो उलट: गोळ्या घेणारांत तो रोग अधिक झाला. गाजर खाणें निराळें व त्याचें सत्त्व गोळींत कोंबून खाणें निराळें. थोड्यानें गुण येतो म्हणून पुष्कळानें अधिक गुण येईल, हा हिशेब शरीर मानीत नाहीं.

आतां झाडपाला, काढे, निसर्गोपचार व इतर पद्धति यांविषयीं. यांची चेष्टा करणें आम्हांस शोभणार नाहीं. कारण धर्मगुरूंनींच यांतील कांहीं मार्ग चालविले आहेत. बव्हेरियांतील वॉरिसहोफेन गांवचे धर्मगुरु सेबास्टियन क्नाइप यांनीं १८८६ सालीं जलोपचारावर प्रसिद्ध केलेला ग्रंथ जगभर गेला. थंड पाणी, चालणें, साधें अन्न, वनस्पति व जीवनांत नियमितपणा ही त्यांची शिकवण. मंगळूरास येशूसंघाचे फादर ऑगस्टस मुल्लर यांनीं १८८० सालीं गरिबांसाठीं होमिओपाथीचा दवाखाना घातला, आणि पुढें कुष्ठरोग्यांसाठीं आश्रयस्थान काढलें. १९४६ सालीं पुण्याजवळ उरुळी कांचन येथें महात्मा गांधींनीं निसर्गोपचाराचें केंद्र काढिलें. या सर्वांचा हेतु एकच होता: गरिबाच्या दारीं कोणी तरी यावें, त्याची विचारपूस व्हावी, त्याची राहणी सुधारावी. तें आजही खरें आहे. पण ज्ञान पुढें गेलें आहे. होमिओपाथीच्या गोळ्यांचा गुण औषधरहित गोळीहून अधिक असल्याचें काळजीपूर्वक केलेल्या परीक्षणांत सिद्ध झालेलें नाहीं. क्षयरोगास थंड स्नान उपयोगी पडत नाहीं; कित्येक महिने नेमानें घेतलेल्या औषधांनीं तो बरा होतो, आणि तीं औषधें सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. फादर मुल्लर यांच्या त्या छोट्या दवाखान्याचें आज सर्व साधनांनीं युक्त असें वैद्यकीय महाविद्यालय झालें आहे, यांत बोध घेण्यासारखें पुष्कळ आहे.

मग कोणता घरगुती उपाय घ्यावा व कोणता टाकावा? आम्ही तीन प्रश्न सुचवितों.

पहिला प्रश्न: यांत काय आहे हें देणारा सांगतो काय? गुडघ्यांस कोमट तेल चोळणें, शेक देणें, घसा धरला असतां मिठाच्या पाण्यानें गुळण्या करणें, यांत काय आहे तें आपल्या डोळ्यांपुढें असतें; हे उपाय खुशाल करावे. पण नांव-गांव नसलेल्या पुडीनें दोन दिवसांत सांधेदुखी थांबली, तर आनंद मानण्याऐवजीं सावध व्हावें. अशा पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. त्यानें तोंड गोल सुजतें, साखर व रक्तदाब वाढतात, हाडें ठिसूळ होतात. बरेच दिवस अशी पूड घेतली असल्यास ती एकाएकीं बंद करणेंही धोक्याचें असतें. पूड बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावें. अमेरिकेंत बोस्टन शहरीं दुकानांतून घेतलेलीं ७० आयुर्वेदिक औषधें तपासलीं असतां १४ मध्यें शिसें, पारा किंवा सोमल सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें.

दुसरा प्रश्न: यानें अपाय होऊं शकतो काय? रानांतली वस्तु म्हणजे निरुपद्रवी, असा समज आहे. २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानें गुळवेल निर्धोक असल्याचें सांगून ती वनस्पति नीट ओळखली गेली नसावी असें म्हटलें. हा वाद तज्ज्ञांनीं मिटवावा. आपण इतकेंच करावें: अंगणांतील वेल असो कीं दुकानांतील काढा, तो महिनोन् महिने रिचवूं नये, आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसतांच तो थांबवून दवाखाना गांठावा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हा उपाय घेण्यासाठीं चालू औषध सोडावयास सांगितलें आहे काय? जो म्हणतो, “साखरेच्या गोळ्या बंद करा, रक्तदाबाची गोळी फेकून द्या, मग माझें औषध लागू पडेल,” त्याच्या दारांतून तत्काळ माघारें फिरावें. पोटांतील गांठ, थुंकींतील रक्त, कावीळ, सर्पदंश, कुत्र्याचा चावा, यांत मंत्र व झाडपाला यांनीं घालविलेला वेळ परत मिळत नाहीं. मोतीबिंदु कोणत्याही थेंबांनीं विरघळत नाहीं. तो शस्त्रक्रियेनें काढावा लागतो, आणि त्यानंतर नातवाचें तोंड पुन्हां स्पष्ट दिसतें.

नित्याच्या राहणीविषयीं थोडक्यांत सांगतों. दांत गेले म्हणून भाकरी-उसळ सुटते आणि चहांत बुडविलेल्या बटरावर दिवस निघतो, असें करूं नये. हुलग्याचें माडगें, मुगाचें वरण, मऊ भात, शेवग्याचा पाला, ताक, अंडें, हें दांतांवांचूनही खातां येतें, आणि म्हातारपणीं स्नायू टिकावे म्हणून डाळी-दुधाची गरज कमी होत नाहीं. दिवसाचें सारें मीठ मिळून चहाच्या एका चमच्याच्या आंत असावें. लोणचें-पापड यांतील मीठही त्यांत धरावें. तहान मंदावते म्हणून पाणी आठवणीनें प्यावें. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं किती प्यावें हें डॉक्टरांस विचारावें. मिश्री व तंबाखू सोडण्यास कोणतेंही वय उशिराचें नव्हे. रोज चालावें, खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठावें-बसावें, त्यानें मांड्यांस बळ येतें. पडणें हें म्हातारपणाचें मोठें संकट आहे: रात्रीं उशाशीं बॅटरी ठेवावी, न्हाणीघरांत शेवाळ सांठूं देऊं नये, भिंतीस धरावयास दांडा लावावा.

उपासाविषयीं अनेक आजीबाई आम्हांस विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतों. ख्रिस्तसभेचा उपासाचा नियम वयाच्या ५९ वर्षांनंतर कोणावरही बंधनकारक नाहीं. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकीं उतरून प्राणावर बेतूं शकतें. ज्यांस देह झेपत नाहीं त्यांनीं उपासाऐवजीं प्रार्थना व दानधर्म करावा. त्यांत उणेपणा नाहीं.

शेवटीं एक काम सांगतों. तें या आठवड्यांतच करावें. घरांतील सर्व औषधें, म्हणजे गोळ्या, पुड्या, काढे, तेलें, कोणी प्रेमानें दिलेल्या बाटल्या, एका पिशवींत भरावीं व ती पिशवी डॉक्टरांपुढें ओतावी. रागें भरतील म्हणून कांहीं लपवूं नये; लपविलेल्या पुडीनें चांगलें औषधही विष होऊं शकतें. ब-१२, साखर, रक्तदाब व मूत्रपिंड यांच्या तपासणीविषयीं त्यांस विचारावें. खर्चाची धास्ती बाळगूं नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. २०२२ पासून ७५ वर्षांवरील मंडळींस एस. टी. चा प्रवास मोफत, व ६५ वर्षांपासून अर्ध्या भाड्यांत आहे. ज्यांस एकट्यानें जाणें जमत नाहीं त्यांच्यासोबत जावयास धर्मग्रामांतील तरुणांनीं पाळी लावून घ्यावी. महोत्सवाची आठवण म्हणून फरशी बसविण्याहून हें काम कमी मोलाचें नव्हे.

आणि मुंबईहून उत्सवासाठीं आलेल्या मुलांनों, परत जातांना शक्तीच्या औषधाची बाटली ठेवून जाऊं नका. एक दिवस अधिक राहा, आईस दवाखान्यांत न्या, आणि डॉक्टर काय म्हणतात तें स्वतः ऐका. ती पाय बधिर झाल्याचें सांगेल तेव्हां “वय झालें” असें म्हणूं नका. “कधींपासून?” असें विचारा. पुष्कळदां बरें होण्याचा आरंभ याच प्रश्नापासून होतो.

प्रभु आपणां सर्वांस आरोग्य व दीर्घायुष्य देवो.